श्रद्धांजलीची घाई

संपादकाने आपल्या चुका अग्रलेखात सांगाव्यात की नाहीत, याबद्दल मतभेद असू शकतील. तथापि समाजाला उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या अंगणातील केर काढावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणून आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो.

२३ नोव्हेंबर २०२२ची रात्र. साडेअकराच्या सुमारास कार्यकर्त्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर संदेश आला की ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांचे पुण्यात निधन झाले. ते काही दिवसांपासून रुग्णालयात होते, प्रकृती चिंताजनक होती, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे बातमीवर अविश्वास दाखवावा असे काही वाटले नाही. आम्ही तत्क्षणी आठ-दहा ओळींचा मजकूर लिहिला. भारतीय पडद्यावरील पहिल्या स्त्री कलावंत दुर्गाबाई कामत या त्यांच्या पणजी, कमलाबाई गोखले आजी आणि चंद्रकांत गोखले वडील, अशा चार पिढ्यांच्या कलापरंपरेचा उल्लेख केला. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मधील त्यांच्या भूमिकेचे स्मरण केले. ‘अनुमती’ या चित्रपटासाठी मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्काराची नोंद केली. खाली स्वतःचे नाव लिहिले आणि तो मजकूर गटावर टाकला. काही मिनिटांत जोडलेल्या हातांची चित्रे आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ यांची रांग लागली. कोणी तरी लिहिले, ‘किती समर्पक शब्द!’ ते वाचून आम्हाला बरे वाटले, हे आज लिहिताना लाज वाटते.

विक्रम गोखले त्या रात्री जिवंत होते.

सकाळी सातच्या ठोक्याला दूरध्वनी वाजला. आमचे एक ज्येष्ठ वाचक, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारा परिसर ‘नाना’ म्हणतो, ते बोलत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, “अहो, तुम्ही खात्री केली होतीत का?” आम्ही गप्प राहिलो. मग ते म्हणाले, “त्या घरातली माणसं रात्रभर रुग्णालयात बसलेली आहेत. त्यांचा माणूस श्वास घेतो आहे. आणि त्यांना सांत्वनाचे फोन येताहेत. तुम्ही त्यांना फोन केला नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुमचे शब्द फिरत फिरत कुणाच्या हातात गेले, हे तुम्हाला माहीत आहे का?”

माहीत नव्हते. पुढे दोन दिवसांत ते कळले. आम्ही गटावर दिलगिरी लिहिली, ती मोजक्याच लोकांनी पाहिली. श्रद्धांजली मात्र आमच्या नावासह गावोगाव पोहोचली होती. गोखले यांच्या पत्नीने निधनाची बातमी खोटी असल्याचे सांगितले. त्यानंतर रुग्णालयाकडून प्रकृतीत किंचित सुधारणा असल्याचेही सांगण्यात आले. त्यांनी डोळे उघडल्याची वार्ता आली आणि असंख्य रसिकांच्या मनात आशा पालवली. परंतु २६ नोव्हेंबरला ती मालवली. त्या दिवशी आमचाच मजकूर तिसऱ्याच कोणाकडून आमच्याकडे परत आला. सोबत एक ओळ होती : ‘सर्वांत आधी तुम्हीच लिहिले होते!’ या अभिनंदनाइतकी बोचरी शिक्षा आम्हाला आजवर कोणी केलेली नाही.

हा प्रसंग आमचा एकट्याचा असता, तर वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु गेल्या काही वर्षांतील घटना ओळीने मांडल्या, तर हा समाजाच्या अंगवळणी पडत चाललेला दोष आहे, हे ध्यानी येते. ८ जानेवारी २०२२ रोजी लतादीदी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाल्या. ६ फेब्रुवारीस त्यांनी देह ठेवला. या सुमारे महिनाभरात त्यांच्याबद्दल इतक्या अफवा उठल्या, की अफवा पसरवू नका, अशी हात जोडून विनंती करण्याची वेळ त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांवर वारंवार आली. १५ डिसेंबर २०२४च्या रविवारी रात्री तबलानवाज झाकीर हुसेन यांच्या निधनाचे वृत्त पसरले. नातेवाइकांनी त्याचा इन्कार केला, लोकांनी आपापल्या श्रद्धांजल्या मागे घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंबीयांनीच सॅन फ्रान्सिस्कोहून ती दुःखद वार्ता अधिकृतपणे दिली. काही तासांनी खरी ठरणारी बातमी आधी दिली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते असे की, ते काही तास त्या माणसाचे होते आणि त्याच्या घरच्यांचे होते. त्यांवर आपला कसलाच अधिकार नव्हता.

या साऱ्यावर कळस चढला तो नोव्हेंबर २०२५मध्ये. १० तारखेच्या सायंकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत भीषण स्फोट झाला. दहाहून अधिक निरपराध नागरिकांचे प्राण गेले. देशाच्या राजधानीच्या काळजावर झालेला तो आघात होता. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेस, बिहारमध्ये विधानसभेच्या दुसऱ्या टप्प्याचे मतदान होते. अशा त्या सकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काय होते? मुंबईच्या रुग्णालयात उपचार घेत असलेले अभिनेते धर्मेंद्र यांचे ‘निधन’. काही वाहिन्यांनी त्यांच्या गीतांच्या चित्रफिती लावल्या, जबाबदार पदांवरील व्यक्तींनी शोकसंदेश दिले आणि थोड्याच वेळात त्यांच्या कन्येला व पत्नीला जगाला सांगावे लागले की ते जिवंत आहेत, उपचारांना प्रतिसाद देत आहेत. हेमामालिनींनी या प्रकाराला अक्षम्य म्हटले. तो शब्द कठोर असला तरी अन्याय्य नव्हता. पुढे धर्मेंद्र घरी परतले, तर छायाचित्रकारांचा गराडा दारात. थोरल्या पुत्राला हात जोडून आणि चिडून त्यांना विचारावे लागले की तुमच्या घरी आईवडील नाहीत का? अतिदक्षता विभागात कुटुंब रडत असतानाचे चित्रणही बाहेर आले आणि लाखो हातांतून फिरले. २४ नोव्हेंबरला, नव्वदी पूर्ण होण्यास दोन आठवडे उरलेले असताना, धर्मेंद्र खरोखरच गेले. अंत्यसंस्कार विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत घाईघाईने, फारशी वाच्यता न करता झाले. आपल्याला अंत्यदर्शन मिळाले नाही, अशी खंत अनेक चाहत्यांनी व्यक्त केली. ती खंत खरी आहे. परंतु ज्या घराने आपल्या माणसाचे एक मरण पडद्यावर आधीच पाहिले, त्याने दुसरे दार लावून घेऊन सोसले असेल, तर त्याला दोष कसा द्यावा?

याच्या महिनाभर आधीचा एक प्रसंग याच्या अगदी उलट आहे. विनोदी अभिनेते असरानी २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत गेले. आपल्या मृत्यूचा गाजावाजा होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाले आणि मगच जगाला कळले. ज्याने पन्नास वर्षांहून अधिक काळ चित्रपटगृहे हसवली, त्याला स्वतःच्या मरणासाठी शांतता अशी युक्तीने मिळवावी लागली. हे आपल्या काळाचे वर्णन आहे.

या घाईचे मूळ कशात आहे, याचा शांतपणे विचार करावयास हवा. वृत्तपत्रसृष्टीत मान्यवरांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवण्याची प्रथा जुनी आहे आणि तीत वावगे काही नाही. सविस्तर व अचूक लेख रात्रीच्या अर्ध्या तासात होत नाही. परंतु तो लेख कपाटात असे. त्याला कुलूप असे. किल्ली असलेला माणूस रुग्णालयात किंवा घरी विचारणा केल्यावाचून ते उघडत नसे, कारण उद्या सकाळी छापून आलेले अक्षर मागे घेता येणार नाही, हे त्याला ठाऊक होते. आता अक्षर पुसता येते, म्हणून ते लिहिण्याची भीती गेली. ज्याची बातमी पहिली त्याच्याकडे प्रेक्षक पहिला, आणि प्रेक्षक तेथे जाहिरात, असा हा व्यवहार आहे. ‘खात्रीलायक सूत्रां’चे नाव सांगावे लागत नाही. एकाने बातमी दिली, ती पाहून एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने शोक व्यक्त केला, आणि त्या शोकसंदेशाचाच आधार घेऊन दुसऱ्याने बातमी दिली. आधार शोधत मागे मागे गेले, तर हाती कोणीच लागत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावर उभा असतो आणि सर्वांत खाली माणूस नसतो.

परंतु सारा दोष वाहिन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या रात्री आमच्याकडे कोणती जाहिरात होती? आम्हाला कोणता नफा मिळणार होता? काही नाही. आम्हाला केवळ पहिले व्हायचे होते. आपल्याला त्या कलावंताबद्दल किती माहिती आहे, आपले दुःख किती सुसंस्कृत आहे, हे दाखवायचे होते. श्रद्धांजली कलावंताला वाहायची असते. आम्ही ती आमच्याच छायाचित्राला घातलेल्या हारासारखी वापरली. वाचकांनी आपापल्या मनात डोकावून पाहावे. आम्ही एकटेच आहोत, असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या समाजाची मृत्यूविषयीची रीतभात अशी नव्हती. मरणाची बातमी पाठवण्याचे काम पोक्त माणसाकडे दिले जाई. तो शक्यतो स्वतः जाई. दारात पोहोचताच सांगत नसे. आधी पाणी घेई, घरात कोण आजारी आहे, कोण गर्भारशी आहे, याचा अंदाज घेई आणि मग घरातील कर्त्या पुरुषाला बाजूला घेऊन बोले. पत्र आलेच, तर वरती ‘श्री’ नसे, आणि ते वाचून झाल्यावर फाडून टाकले जाई, घरात जपून ठेवले जात नसे. दहा दिवस सुतक पाळले जाई. त्यामागील धर्मशास्त्र क्षणभर बाजूला ठेवले, तरी त्यातील माणुसकी स्पष्ट आहे. दुःखात असलेल्या घराला जगाच्या व्यवहारापासून दहा दिवसांची सुटी मिळत असे, आणि जगाने त्या दारात जाताना आवाज खाली आणावा, असा संकेत होता. जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली, तर ‘आयुष्य वाढलं हो त्याचं’ असे म्हणत वडीलधारी माणसे ते अमंगळ शब्द पुसून टाकत. रावण पडल्यानंतर, वैर मरणापाशी संपते, असे सांगून प्रभू रामचंद्रांनी बिभीषणाला त्याचे यथाविधी संस्कार करावयास सांगितले. शत्रूच्या मरणालाही मान देणारी ही परंपरा आहे. तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी आवडत्या कलावंताच्या मरणाला बाजार भरवावा, यासारखी विसंगती नाही.

आम्हाला २९ जुलै २००२चा सोमवार आठवतो. बाबूजी, अर्थात सुधीर फडके, गेले. अवघ्या चारच दिवसांपूर्वी त्यांनी त्र्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. लोकांकडून पैसा पैसा गोळा करीत, वर्षानुवर्षांच्या कष्टांतून उभा केलेला ‘वीर सावरकर’ हा चित्रपट नोव्हेंबर २००१मध्ये प्रदर्शित झाला, आणि जणू तेवढ्यासाठीच थांबलेला हा गायक निघून गेला. गीतरामायणाच्या छप्पन्न गीतांना ज्याने स्वर दिला आणि दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातही जो उतरला, त्याच्या जाण्याने वाड्यावाड्यांत सन्नाटा पसरला. त्या संध्याकाळी आमच्या वाड्यात कोणी भाषण केले नाही. कोणी तरी गीतरामायणाची जुनी ध्वनिफीत लावली. माणसे जिन्यात, ओट्यावर, जेथे जागा मिळेल तेथे बसून राहिली. फीत संपली, तेव्हा एका आजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चला, दिवा लावायचा राहिलाय.” बस्स. ती श्रद्धांजली होती. तिच्याखाली कोणाचे नाव नव्हते.

आता या विषयाची दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी बाजू. १४ जुलै २०२३ हा दिवस भारतीयांच्या स्मरणात कायम राहील. त्या दुपारी श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ अवकाशात झेपावले. त्याच दिवशी पुण्याजवळ तळेगाव दाभाडे परिसरातील एका सदनिकेतून दुर्गंधी येऊ लागल्याने शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवले. दार उघडल्यावर आत आढळला तो रवींद्र महाजनी यांचा निष्प्राण देह. ‘झुंज’, ‘देवता’, ‘मुंबईचा फौजदार’ या चित्रपटांनी मराठी पडद्याला देखणा नायक देणारा, संपादक ह. रा. महाजनी यांचा हा पुत्र. त्यांचा मृत्यू दोन-तीन दिवस आधीच झाला असावा, असे सांगण्यात आले. जो समाज चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे यान पाठवत होता, त्याला भिंतीपलीकडचा माणूस गेल्याचे कळायला दोन-तीन दिवस लागले.

त्यानंतर जे झाले, ते आणखी वाईट. ज्यांनी त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, अशा शेकडो लोकांनी त्यांच्या मुलाला समाजमाध्यमांवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बापलेकांतील नाते, एकटे राहण्याचा कोणाचा आग्रह, कोणाची असहायता, या गोष्टी त्या कुटुंबालाच ठाऊक. निवाडा देण्याची आपल्याला इतकी हौस, की पुरावा ऐकण्याचीही सवड नाही. आणि हा निवाडा देणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या काकांना त्या आठवड्यात भेटले होते?

या दोन घटनांचा सांधा आम्हाला येथे दिसतो. जो जिवंत आहे, त्याला आपण मेला म्हणून जाहीर करतो. आणि जो खरोखर गेला, त्याची आपल्याला वार्ताही नसते. कारण एकच : आपले लक्ष माणसाकडे नसते, ते बातमीकडे असते. पडद्यावरील माणसावर आपण करतो ते प्रेम खोटे नाही, पण ते फुकटचे आहे. त्याला वेळ द्यावा लागत नाही, जिना चढावा लागत नाही, तेच तेच बोलणे ऐकून घ्यावे लागत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसावरील प्रेमाला हे सारे मोल मोजावे लागते.

विक्रम गोखले यांच्या घराण्याचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. त्यांच्या कुटुंबाचा न्यास जखमी, अपंग सैनिकांना आणि निराधार मुलांना साहाय्य करीत आला. सहकलावंतांना वृद्धापकाळी आसरा मिळावा म्हणून त्यांनी पुण्यानजीकची जमीनही देऊ केली. रंगमंचावरील माणसाचे दिवे मालवल्यानंतर काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. आम्ही त्या रात्री लिहिलेल्या आठ-दहा ओळींत यांतील एक शब्दही नव्हता. घाईत लिहिलेल्या स्तुतीत माणूस कसा निसटतो, याचा आणखी पुरावा नको.

तेव्हा काय करावे? मोठमोठ्या उपायांची आवश्यकता नाही. आमच्या कार्यालयाने त्या प्रसंगानंतर एक नियम केला : कुटुंबाच्या वा रुग्णालयाच्या अधिकृत निवेदनाखेरीज कोणाच्याही मृत्यूचा उल्लेख करायचा नाही, मग आपण सर्वांत शेवटी राहिलो तरी चालेल. आमच्या वाचकांनी आणि विशेषतः कार्यकर्त्यांनी आपापल्या गटांवर हाच नियम करावा. निधनाचा संदेश आला, तर तो पुढे ढकलण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. श्रद्धांजली एका रात्रीने शिळी होत नाही. चुकून अफवा पसरवली गेलीच, तर दुरुस्तीही तितक्याच ठिकाणी, स्वतःच्या नावानिशी पोहोचवावी. रुग्णालयातील, स्मशानातील चित्रण आले, तर ते आपल्यापाशीच संपवावे. आणि प्रत्येक वस्तीत, प्रत्येक सोसायटीत एकटे राहणारे ज्येष्ठ कोण आहेत, याची माहिती दोन-चार तरुणांनी करून ठेवावी, त्यांच्या दाराची बेल दिवसातून एकदा वाजवावी. वृत्तपत्र दारातच पडून आहे, दुधाची पिशवी उचललेली नाही, या खुणा वाचायला कोणतेही यंत्र लागत नाही. गावात एखादा वृद्ध कीर्तनकार, शाहीर, हार्मोनियमवादक असेल, तर तो असतानाच त्याला बोलावून ऐकावे. त्याच्यासाठी राखून ठेवलेले चांगले शब्द त्याच्या कानांवर पडू द्यावेत.

धर्मेंद्र यांच्या चित्रपटजीवनात एक योग विलक्षण जुळून आला. १९६२च्या युद्धावरील ‘हकीकत’मध्ये ते तरुणपणी सैनिकी गणवेशात उभे होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १ जानेवारी २०२६ रोजी, प्रदर्शित झालेल्या ‘इक्कीस’मध्ये ते एका सैनिकाच्या वृद्ध पित्याच्या भूमिकेत दिसले. तो सैनिक म्हणजे पुण्यात जन्मलेला, १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणात वयाच्या एकविसाव्या वर्षी हुतात्मा झालेला परमवीर अरुण खेत्रपाल. एकवीस वर्षांच्या मुलाचे मरण पुढील तीस-चाळीस वर्षे निःशब्द उराशी बाळगणारा पिता, ही त्या अभिनेत्याची शेवटची भूमिका ठरली. खरे दुःख असे असते. त्याला प्रेक्षक लागत नाहीत.

नाना अलीकडे फारसे बाहेर पडत नाहीत. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना ते हसून म्हणाले, “माझी बातमी आली, तर आधी घरी येऊन बघा हं.” आम्ही म्हटले, “नाना, बातमीची वाट कशाला? दर रविवारी येतो.” तो शब्द पाळणे, ही आमची २३ नोव्हेंबरच्या चुकीची दुरुस्ती आहे. वाचकांपैकी ज्यांच्याकडून अशी एखादी चूक झाली असेल, त्यांनाही आपल्या परिसरात एखादे नाना सापडतील.